जेवा डॉट सी

१७ नोव्हेंबर २०२५, सोमवार

सकाळी बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, दर्शन. येताना दूध आणलं. दुपारी पेपर, थोडी झोप. चार वाजता टेबलाशी बसलो. संध्याकाळचं जेवण राहिलं.

राहिलं म्हणजे विसरलो असं नाही. प्रॅक्टिकलची जुनी जर्नल्स चाळत होतो, मान वर केली तर खिडकीत अंधार. दिवस मावळल्यावर जेवायचं नाही, हा आमच्या जैन घरातला नियम. आम्ही दोघांनी लग्नात घेतला होता. आजही मोडलेला नाही. पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणजे एका अर्थी दिवस चांगलाच गेला.

आदितीचा पुण्याहून फोन. मुलगी सॉफ्टवेअर कंपनीत आहे, बोलणं मोजकं. म्हणाली, पप्पा, आई गेल्यापासून तुम्ही संध्याकाळचे जेवत नाही, मला आवाजावरून कळतं. नवीन वर्षापर्यंत हे सुधारलं नाही तर घराला कुलूप लावायचं आणि माझ्याकडे यायचं. मी म्हटलं, बघू. ती म्हणाली, बघू नाही, ठरलं.

मला पुण्याला जायचं नाही. रोहिणी लग्न होऊन याच घरात आली. कोल्हापुरात, शिवाजी पेठेत वरच्या मजल्यावर दोन खोल्या. सप्टेंबरात गेली तीही इथूनच. यापेक्षा जास्त कारण मला देता येत नाही.

उपाय शोधायला हवा.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

उपाय सापडला.

पॉलिटेक्निकच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये मी सगळी नोकरी सी शिकवण्यात घालवली. निवृत्त झालो म्हणून काही विसरलो नाही. प्रॉब्लेम साधा आहे. दिवस मावळतोय हे मला वेळेवर कळत नाही. कळलं की मी जेवेन. तेव्हा कमांड लाइनवर चालणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहायचा. त्याने सूर्यास्ताची वेळ बघायची आणि थोडं आधी स्क्रीनवर वॉर्निंग द्यायची. वेळ टळली तर एरर. प्रोग्रॅमचं नाव: जेवा.

पूर्वी हे काम घरात आपोआप होत असे.

दोन दिवस पुरतील. आदितीला कळवलं. तिचं उत्तर: ओके.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आदितीच्या जुन्या लॅपटॉपवर पहिल्यांदा कंपाइल केलं. कंपायलरची वॉर्निंग आली की मेनच्या आधी व्हॉइड नको, इंट हवं; म्हणजे प्रोग्रॅमने काहीच न देता संपायचं नाही, शेवटी एक आकडा परत द्यायचा. आमच्या लॅबमध्ये सगळ्या बॅचेस व्हॉइड मेन लिहूनच पास झाल्या, कुणाचं काही अडलं नाही. वॉर्निंग म्हणजे एरर नव्हे. वॉर्निंग आली तरी प्रोग्रॅम चालतो, हे मी दर वर्षी पहिल्याच तासाला सांगत असे. वॉर्निंग्ज बंद करायचा ऑप्शन असतो. तो लावला. लगेच शांत झालं.

या गडबडीत संध्याकाळ निघून गेली. प्रोग्रॅम अजून तयार नाही, त्यामुळे हे होणारच.

पट्ट्याला खिळ्याने नवीन भोक पाडलं. चामडं जुनं झालं की सैल पडतं.

२३ नोव्हेंबर, रविवार

बस्तीच्या कॅलेंडरवरून रोजच्या सूर्यास्ताच्या वेळा एका फाइलमध्ये भरल्या. प्रोग्रॅमला ती फाइल सापडेना. नुसतं 'फाइल उघडली नाही' असं छापण्यात अर्थ नसतो. का उघडली नाही हे सांगायला हवं. सिस्टिमकडे त्याचं कारण तयार असतं, ते मागून घेऊन छापायचं. तसं केल्यावर कळलं की फाइल दुसऱ्याच फोल्डरमध्ये आहे. चुकीचं कारण वेळेवर समजलं की निम्मं काम होतं. विद्यार्थ्यांनी हे ऐकलं असतं तर.

खालच्या मजल्यावर बॅटऱ्यांचं दुकान आहे, आकारामचं. तो वर आला होता. मी काय करतोय ते सांगितलं. म्हणाला, आवो सर, कशाला मशिनीला शिकवत बसलाय, दिवस बुडायला लागला की मी खालनं हाक मारतो की. मी म्हटलं, हाकेला एक्झिट कोड नसतो, काम झालं का ते सांगणारा आकडा. तो म्हणाला, नसू दे की, ऐकायला तर येती.

त्याने आज खरंच हाक मारली. मी डिबगिंगच्या मधे होतो, ओ दिली नाही. मग बाहेर बघितलं तर उशीर झालेला.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

आदितीने फोनवरून ठरवलेली स्वयंपाकाची बाई आली. बाळाबाई. साडेतीनला.

विचारायला लागली, काय करू, काय आवडतं तुमास्नी. मला सांगता येईना. असेल ते करा म्हटलं. म्हणाली, व्हय, पन घरात काय हाय ते तरी सांगा. तेही मला माहीत नाही. डबे सगळे सारखे आहेत आणि कशात काय आहे हे डब्यांवर लिहिलेलं नाही. तशी कधी गरज पडली नव्हती. पिठाचा एक डबा तेवढा मला ओळखता येतो, तिने नेमका त्यालाच हात घातला. मी म्हटलं, तो राहू दे.

मग तिला समजावून सांगितलं की माझा प्रोग्रॅम एक-दोन दिवसांत तयार होतोय, त्यानंतर कुणाची गरज पडणार नाही. म्हणाली, तुमचा प्रोग्राम भाकरी थापतोय व्हय? तिला विषय कळला नाही. परत येऊ नका असं मी म्हणालो नाही, पण ती समजली.

डबा तिने थोडा फिरवला होता. पुन्हा होता तसा ठेवला.

आज दुपारी चुरमुरे, बिस्किटं, दूध घेतलं. हे जेवण धरावं का? धरलं.

१ डिसेंबर, सोमवार

बाळाबाईला परत पाठवलं म्हणून आदिती रागावली. राग म्हणजे गप्प बसणं. आमच्याकडे सगळे तसेच. मग म्हणाली, ठीक आहे, रोज संध्याकाळी ताटाचा फोटो पाठवा.

ताटाचे फोटो काढणं मला जमणार नाही. मी म्हटलं, त्यापेक्षा आकडा पाठवतो. प्रोग्रॅम संपताना सिस्टिमला एक आकडा देऊन जातो. शून्य दिला म्हणजे सगळं नीट पार पडलं. दुसरा कुठलाही दिला म्हणजे काहीतरी बिघडलं. हे तिला नव्याने सांगावं लागलं नाही. दहावीच्या सुट्टीत सी तिला मीच शिकवलं, याच टेबलावर. ती म्हणाली, बरं, शून्य आला तर मी काही विचारणार नाही.

चांगला करार झाला. आता प्रोग्रॅम पुरा करणं एवढंच उरलं.

३ डिसेंबर, बुधवार

संध्या. ५.२०. पहिला खरा रन. वॉर्निंग वेळेवर आली. छान आली. फक्त प्रोग्रॅमच्या नावानंतर विसर्गासारखी जी दोन टिंबं येतात, त्यांच्यापुढे मोकळी जागा सुटली नव्हती. ते दिसायला बरं नाही. दुरुस्त केलं, परत कंपाइल केलं. तोवर सूर्यास्त झाला.

प्रोग्रॅमने ठरल्याप्रमाणे विचारलं, जेवण झालं का, ह की न. मी न दाबलं. एरर छापली गेली: सूर्यास्त झाला, जेवण झालेलं नाही. ती साध्या आउटपुटमध्ये नाही, वेगळ्या स्टँडर्ड एररवर गेली. पुस्तकात असावी तशी.

आकडा मात्र भलताच आला. तेवीस का पंचवीस. व्हॉइड मेनमुळे काहीही येतं. हे मुलीला पाठवायला बरं दिसत नाही. म्हणून शेवटच्या ओळीत सरळ एक्झिट झीरो लिहून टाकलं. पुन्हा चालवलं. शून्य आला.

पाठवला.

आदितीने प्रोग्रॅमचा आकडा मागितला होता. प्रोग्रॅमचा आकडा पाठवला. एररही रिपोर्ट झालेली आहे, इथे, स्क्रीनवर. मी काही लपवलेलं नाही.

७ डिसेंबर, रविवार

रोज शून्य जातो आहे. आदिती खूश. म्हणजे तिने काही विचारलेलं नाही.

आज मेसेजच्या शब्दांवर काम केलं. चांगल्या मेसेजमधून तीन गोष्टी कळायला हव्यात. कोण बोलतंय, काय झालं आणि आता काय करायचं. माझा मेसेज होता: सूर्यास्त समीप आला आहे, कृपया भोजन करून घ्यावे. आकारामला वाचून दाखवला. म्हणाला, सर, ही यष्टी स्टँडवरची बाई बोलतीया व्हय?

त्याच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे. तो गेल्यावर दुसरे शब्द घालून बघितले. रोहिणी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणायची ते: ताट वाढलंय, येतासा न्हवं.

चालवलं. ओळ छापून आली. आणखी एकदा चालवलं.

मग ती ओळ काढून टाकली. प्रोग्रॅमने दुसऱ्या कुणाच्या नावाने बोलू नये. मेसेजच्या सुरुवातीला प्रोग्रॅमचंच नाव असावं लागतं, ती पद्धत आहे. आधीचा मेसेज बरोबर होता. तोच ठेवला.

आज वेळेकडे लक्ष राहिलं नाही. शून्य पाठवला.

१२ डिसेंबर, शुक्रवार

स्क्रीनवर एररच्या ओळी साठत चालल्या आहेत. रोज तीच ओळ. वाचून काही नवीन कळत नाही. सिस्टिममध्ये एक अशी जागा आहे की तिथे पाठवलेलं कुठेच साठत नाही आणि परतही येत नाही. एररचा ओघ तिकडे वळवला. हे चूक नाही. सगळे प्रोफेशनल लोक करतात.

आता संध्याकाळी स्क्रीनवर फक्त वॉर्निंग येते, मग प्रश्न, मग शून्य. फार नीटनेटकं वाटतं.

१८ डिसेंबर, गुरुवार

आकाराम जिन्यात भेटला. नीट बघून म्हणाला, सर, शर्टात मानूस हाय का नुसतं हँगर? शर्ट जुना आहे. सैल कापडाची फॅशनही परत आलीय म्हणतात.

त्याने विचारलं, मशीन काय म्हनतंय. मी म्हटलं, उत्तम चाललंय, रोज शून्य. शून्य म्हनजे हारलं की, तो म्हणाला. त्याच्या डोक्यात कायम फुटबॉल. मी म्हटलं, आमच्यात शून्य म्हणजे जिंकलं. तो दुकानात जाता जाता म्हणाला, आसंल बा, मग जिंकल्यावानी दिसत का न्हाईसा?

आदितीचा फोन. म्हणाली, पप्पा, आकडे बघून बरं वाटतं. आवाज मात्र तसाच आहे. मी म्हटलं, लाइन खराब असेल.

नवीन वर्ष जवळ आलं. पुण्याचा विषय आता निघणार नाही अशी खात्री वाटते.

२८ डिसेंबर, रविवार

आदिती आली. न कळवता. सकाळी दहा वाजता दारात.

आधी माझ्याकडे बघत उभी राहिली. मग स्वयंपाकघरात गेली आणि पिठाचा डबा उघडला. मला सांगायचं होतं की तो राहू दे, पण तोवर उघडला होता. आमच्याकडे थंडीतसुद्धा पीठ आठवडाभरच चालतं, पुढे त्यात जीव पडतात म्हणून वापरत नाहीत. हे रोहिणीने ऑगस्टच्या शेवटी दळून आणलेलं. आत सगळी जाळी झाली होती. आदितीने विचारलं, टाकलं का नाहीत. मी म्हटलं, जीव मरतील म्हणून. ते खरंही आहे.

ती डबा घेऊन मागच्या अंगणात गेली. झाडाखाली हलक्या हाताने रिकामा केला. बराच वेळ तिथेच बसून होती.

वर आल्यावर म्हणाली, प्रोग्रॅम दाखवा. दाखवला. तिने वरपासून खालपर्यंत वाचला, सावकाश. मग बोट ठेवून म्हणाली, पप्पा, इथे तुम्ही एरर छापता आणि खाली काहीही झालं तरी शून्य देता. मी ती ओळ पुन्हा वाचली. ती म्हणाली, मी असं लिहिलं असतं तर तुम्ही काय केलं असतं? मी म्हटलं, मार्क कापले असते. किती? मी म्हटलं, सगळे.

तिने व्हॉइडचं इंट केलं. बंद केलेल्या वॉर्निंग्ज चालू केल्या. न दाबलं तर एक, ह दाबलं तर शून्य. एवढंच बदललं, बाकी मेसेज वगैरे तसाच ठेवला. म्हणाली, वॉर्निंग छान लिहिलीय.

चार वाजता तिने ताजं पीठ आणून भाकरी केल्या, मेथीची भाजी केली. दोघं उजेडात जेवलो. मला फार जात नाही आता. तिने बघितलं, पण वाढत राहिली नाही.

निघताना म्हणाली, शुक्रवारपर्यंत रोज खरा आकडा पाठवा. त्यात जमलं तर इथेच राहा, मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही जमलं तर रविवारी गाडी घेऊन येते.

पाच दिवस म्हणजे पुष्कळ झाले. डब्यात ताजं पीठ आहे, आणि आता प्रोग्रॅमही बिनचूक आहे.

२९ डिसेंबर, सोमवार

१ पाठवला. कालच्या दगदगीमुळे दुपारी झोप लागली. पहिला दिवस धरू नये.

३० डिसेंबर, मंगळवार

वॉर्निंग येताच उठलो. ताबडतोब. मिनिट घालवलं नाही. तांदूळ धुतले, डाळ धुतली, कुकर लावला. शिट्ट्या व्हायच्या आत दिवस मावळला.

भरलेला कुकर समोर आणि जेवता येत नाही. आकारामकडे नेऊन दिलं. थोड्या वेळाने तो भांडं परत द्यायला आला. म्हणाला, कारभारीन म्हनती चव हाय पन मीठ घालायचं ऱ्हायलंय.

दोष सापडला. वॉर्निंग जेवायची वेळ सांगते, स्वयंपाकाला लागायची नाही. रोहिणी हाक मारायची तेव्हा ताट वाढलेलं असायचं. हे मी कधी धरलंच नव्हतं. हा स्पेसिफिकेशनमधला, म्हणजे आधी जे ठरवलं त्यातला दोष आहे, प्रोग्रॅममधला नव्हे.

वॉर्निंग पुष्कळ आधी केली. १ पाठवला.

३१ डिसेंबर, बुधवार

वॉर्निंग साडेचारला आली. बाहेर लख्ख ऊन होतं. एवढं ऊन असताना वॉर्निंग खरी वाटत नाही. थोडं थांबलो. १.

१ जानेवारी २०२६, गुरुवार

तालमीच्या पोरांनी गल्लीत सकाळपासून स्पीकर लावलेला. आदितीचा मेसेज, हॅपी न्यू इयर पप्पा. मीही पाठवला.

पीठ मळायला घेतलं. पाणी जास्त झालं. पीठ घातलं, मग पाणी कमी. असं बराच वेळ चाललं. डबा निम्मा झाला आणि परात भरली. भाकरी एकही झाली नाही.

संध्याकाळी प्रोग्रॅमने विचारलं, जेवण झालं का. ह दाबलं. शून्य आला. तो पाठवला.

जरा वेळ टेबलाशी बसलो. एरर आली नाही, काहीच आलं नाही. प्रोग्रॅमला कळायचा मार्गच नाही, मी दाबेन ते त्याला खरं.

मग दुसरा मेसेज पाठवला. दुरुस्ती: १.

दोन्ही मेसेजना निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

२ जानेवारी, शुक्रवार

१.

आदितीचा फोन आला. पप्पा, रविवारी सकाळी येते. मी म्हटलं, बरं. ती म्हणाली, राग नाही ना? मी म्हटलं, नाही, आकड्यांवरून तेच निघतं. मग ती म्हणाली, काल दुसरा मेसेज नसता पाठवला तरी चाललं असतं. मी म्हटलं, तुला कसं कळलं असतं? ती म्हणाली, तेच तर.

आकारामला सांगून आलो. म्हणाला, पुन्यात काय हाय सर? धड रस्सा न्हाय, फुटबॉल न्हाय. मी म्हटलं, रस्सा मी कधी खाल्लेला नाही. म्हणाला, वास तर घेतासा की रोज, आमच्या घरचा. मग बॅटरीत पाणी घालत राहिला. मी निघालो तरी वर बघितलं नाही. जिना चढताना मागून म्हणाला, किल्ली देऊन जावा, झाडलोट करून ठेवतो.

३ जानेवारी, शनिवार

सामान आवरलं. पुण्याला थोडेच दिवस जायचं आहे, उन्हाळ्यापर्यंत फार तर. तिकडे निवांतपणे प्रोग्रॅमची पुढची आवृत्ती करता येईल. पुण्याचा सूर्यास्त कोल्हापूरपेक्षा थोडा वेगळा, त्यामुळे वेळांची फाइल नव्याने भरावी लागेल. एवढं झालं की परत येता येईल.

लॅपटॉप सगळ्यात आधी खोक्यात गेला. त्यावर कपडे, मग रोहिणीची शाल. खोकं बांधून झालं तेव्हा तीन वाजले होते. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. पेपर वाचून झालेला. म्हणून कुकर लावला. मीठ आधीच घातलं.

भात खाली थोडा लागला. वरचा बरा होता. आमटी पातळ झाली, ती भातात जिरते. ताट घेऊन स्वयंपाकघरात खाली बसलो. दोनदा वाढून घेतलं.

उठलो तेव्हा मागच्या भिंतीवर ऊन होतं. आज कुणाला आकडा पाठवायचा नव्हता.

ताट घासलं, वाटी घासली. कुकरला लागलेला भात निघेना, त्यात पाणी घालून ठेवलं. हात पुसले.